'नेटवर्क आले' म्हणजे नेमके काय आले?

मध्यरात्री वीज जाते आणि तासाभराने परत येते. एखाद्या महाविद्यालयाच्या कोपऱ्यातील खोलीत सर्व्हर म्हणून राबवलेला एक साधा संगणक, त्याच्या शेजारचा स्विच आणि भिंतीवरचा राउटर हे तिघेही एकाच क्षणी जागे होतात. परंतु तिघांना भानावर यायला लागणारा वेळ सारखा नसतो. संगणकात एसएसडी असेल तर लिनक्स दहा-पंधरा सेकंदांत सज्ज होते. राउटरला मात्र मिनिट-दीड मिनिट सहज लागते. या मधल्या फटीत संगणकावरील वेब सेवा आपल्या ठरलेल्या आयपी पत्त्यावर ठाण मांडू पाहते. तो पत्ता त्या संगणकाला अद्याप मिळालेलाच नसतो. कर्नल नकार देतो, मागितलेला पत्ता उपलब्ध नाही अशा अर्थाची एक ओळ लॉगमध्ये उमटते आणि सेवा मिटते. पुढे राउटर जागा होतो, पत्ता मिळतो, सगळे दिवे हिरवे होतात. सकाळी येणाऱ्या माणसाला संगणक चालू दिसतो, पिंग केल्यास उत्तरही मिळते. फक्त संकेतस्थळ उघडत नाही. तो सेवा हाताने पुन्हा सुरू करतो आणि ती विनातक्रार चालू लागते. शोधायला जावे तर दोष जागेवर नसतोच.

लिनक्सच्या जगात हा दोष नवा नाही. संगणक सुरू होताना नेटवर्कवर अवलंबून असलेल्या सेवा नेटवर्कच्या आधी जाग्या होणे, हे दुखणे जवळजवळ लिनक्सइतकेच जुने आहे आणि त्यावर प्रत्येक पिढीने आपापले औषध दिले आहे. त्या औषधांचा इतिहास पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. चूक बहुतेक वेळा क्रम लावण्यात नव्हती. 'नेटवर्क आले' या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाने परस्पर वेगळा धरला होता, चूक तिथे होती.

या कथेचा आरंभ लिनक्सच्याही आधी, युनिक्सपाशी होतो. बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये जन्मलेल्या युनिक्समध्ये कर्नल जागा झाल्यावर 'इनिट' नावाचा पहिला प्रोग्राम सुरू करतो. त्याचा प्रक्रिया क्रमांक १. पुढे जन्मणाऱ्या साऱ्या प्रक्रियांचा तो मूळपुरुष. इनिटने बाकीच्या सेवा कोणत्या क्रमाने उठवायच्या याबद्दल दोन घराणी तयार झाली. बर्कलेच्या बीएसडी घराण्यात एकच लांब स्क्रिप्ट वरून खाली चालत असे. एटी अँड टीच्या १९८३ मधील सिस्टम फाइव्हच्या घराण्यात प्रत्येक सेवेची स्वतंत्र स्क्रिप्ट असे आणि तिच्या नावाच्या आरंभी एक अक्षर व दोन अंक जोडलेले असत. 'एस' म्हणजे सुरू कर, 'के' म्हणजे थांबव, आणि अंक म्हणजे रांगेतील जागा. लिनक्ससाठी ही रचना मिकेल व्हान स्मोरेनबर्ग यांनी नव्याने लिहिली आणि बहुतेक मोठ्या वितरणांनी ती स्वीकारली.

रेड हॅटच्या जुन्या प्रणालींमध्ये ही रांग अशी दिसे: नेटवर्क १० व्या क्रमांकावर, नेटवर्कवरून जोडायच्या फाइलप्रणाली २५ वर, दूरस्थ प्रवेशाची एसएसएच सेवा ५५ वर, डाक वाहणारा सेंडमेल ८० वर आणि वेब सर्व्हर ८५ वर. मध्ये मुद्दाम मोकळ्या जागा सोडलेल्या असत, म्हणजे उद्या एखादी नवी सेवा आली तर तिला कुठेतरी बसवता यावे. स्क्रिप्टा एकामागून एक चालत. पहिली संपल्याखेरीज दुसरी सुरू होत नसे. त्यामुळे रांगेत आधी असणे आणि आधी पूर्ण होणे या दोन्ही गोष्टी एकच होत्या.

त्या काळात ही पद्धत निर्दोष चाले, आणि तिला नावे ठेवण्याआधी हे मान्य करायला हवे. संगणकात एक नेटवर्क कार्ड, तेही कायमचे बसवलेले. त्याचा पत्ता फाइलमध्ये लिहून ठेवलेला. दहाव्या क्रमांकाची स्क्रिप्ट तो पत्ता कार्डाला देई आणि काही क्षणांत मोकळी होई. पंचावन्नाव्या क्रमांकाच्या सेवेला पत्ता मिळणार की नाही, हा प्रश्नच उद्भवत नसे. उणीव एवढीच की अंकांत कारण नोंदलेले नसे. अमुक सेवा ५५ वर का, ५० वर का नाही, हे स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यात राही आणि तो गेला की त्याच्याबरोबर जाई.

मग नेटवर्कच बदलले. पहिला बदल पत्त्याचा होता. १९९३ मध्ये डीएचसीपी या नियमावलीचा पहिला मसुदा प्रसिद्ध झाला आणि १९९७ मध्ये तिला आजचे रूप आले. पत्ता आता फाइलमध्ये नव्हता. तो दुसऱ्या एखाद्या यंत्राकडे मागायचा होता आणि उत्तर कधी येईल, येईल की नाही, हे मागणाऱ्याच्या हाती नव्हते. दुसरा बदल कार्डांचा. यूएसबीवरची, वायफायची, मधूनच लावता-काढता येणारी कार्डे आली. २००३ च्या सुमारास युडेव्ह ही यंत्रणा लिनक्समध्ये आल्यावर नवे उपकरण सापडले की कर्नल त्याची वर्दी देऊ लागला. म्हणजेच उपकरण कधी सापडेल याचा ठराविक क्षण उरला नाही. दहाव्या क्रमांकाची स्क्रिप्ट चालते तेव्हा कार्ड तिथे असेलच, ही शाश्वती संपली.

तिसरा बदल संगणकाच्या पूर्ण बाहेरचा होता, आणि त्यानेच सर्वांत जास्त माणसांना चकवले. अनेक स्विच एकमेकांना जोडले आणि चुकून एखादे वर्तुळ तयार झाले, तर संदेश त्यात अखंड फिरत राहतात आणि सारे नेटवर्क गुदमरते. हे टाळण्याची पद्धत राडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करीत असताना शोधली. तिला स्पॅनिंग ट्री म्हणतात. या पद्धतीच्या मूळ रूपात स्विचला नवी केबल जोडलेली दिसली की तो ती लगेच वापरात आणत नाही. आधी १५ सेकंद नुसते ऐकतो, मग आणखी १५ सेकंद कोणता पत्ता कुठे आहे ते शिकतो आणि त्यानंतरच संदेश पुढे पाठवू लागतो. सावधगिरी म्हणून हे अगदी योग्य. परंतु संगणकाच्या दृष्टीने पाहिले तर केबल जोडलेली आहे, कार्डावरचा दिवा पेटलेला आहे, कर्नलही जोडणी असल्याची ग्वाही देतो आहे, आणि तरीही पहिली ३० सेकंदे पाठवलेला प्रत्येक संदेश स्विचपाशीच गळून पडतो. डीएचसीपीची मागणीही त्यात गळते. मागणारा कंटाळून थांबतो आणि संगणक पत्त्याविना पुढे जातो. चूक कोणाची? स्विचने नियम पाळला, कार्डाने खरे सांगितले, स्क्रिप्टने आपले काम केले. प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असताना एकत्र परिणाम चुकीचा निघाला.

यावरचा तोडगा कारागिरी स्वरूपाचा होता. रेड हॅटने कार्डाच्या मांडणीत जोडणीसाठी काही सेकंद थांबण्याची सोय दिली. स्विच बनवणाऱ्यांनी ज्या पोर्टला फक्त संगणकच जोडलेला आहे, त्याला ही प्रतीक्षा माफ करण्याची सोय दिली. आणि असंख्य व्यवस्थापकांनी स्क्रिप्टमध्ये एक ओळ घातली: ३० सेकंद झोप. ही ओळ आजही ठिकठिकाणी सापडते. तिला हसणे सोपे आहे. पण स्विच आणि संगणक यांच्यात त्या काळी या विषयावर बोलण्याची काहीच व्यवस्था नसल्यामुळे अंदाजाने थांबण्यापलीकडे स्क्रिप्टच्या हाती काही नव्हते. तरीही अंदाज तो अंदाजच. स्विच बदलला, कार्ड बदलले, की ३० सेकंद कधी उगाच जास्त आणि कधी नेमके दोनच सेकंद कमी ठरत.

पुढची सुधारणा अंकांच्या जागी कारणे लिहिण्याची होती. लिनक्स स्टँडर्ड बेस या प्रमाणकाने स्क्रिप्टच्या माथ्यावर ठराविक नमुन्यात नोंदी करण्याची पद्धत घातली: या सेवेला आधी नेटवर्क हवे, लॉग लिहिणारी सेवा हवी, दूरच्या फाइली हव्यात. क्रम माणसाने ठरवायचा नाही. यंत्राने या नोंदी वाचून तो काढायचा. डेबियनने २०११ च्या फेब्रुवारीत आलेल्या आपल्या सहाव्या आवृत्तीत हीच पद्धत मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारली. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली असल्यामुळे असे निर्णय तिच्यापर्यंतही वाहत आले. कारण आता कागदावर आले होते, ही मोठीच प्रगती. मात्र 'नेटवर्क हवे' या नोंदीतील नेटवर्क म्हणजे काय, याची व्याख्या सैलच राहिली. पत्ता मिळालेले कार्ड? की बाहेरच्या जगाशी बोलू शकणारे कार्ड? स्क्रिप्ट एकामागून एक चालत होत्या तोवर हा सैलपणा फारसा टोचला नाही, कारण मंदपणाच त्यावर पांघरूण घालीत होता.

ते पांघरूण वेगाच्या ओढीने काढले. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स प्लंबर्स परिषदेत इंटेलच्या आर्यन व्हान डे व्हेन आणि आउके कोक यांनी आसुसचा छोटा ईई पीसी अवघ्या पाच सेकंदांत सुरू करून दाखवला. त्याच्या आधीच अॅपलने २००५ मध्ये लाँचडी आणि उबुंटूने २००६ च्या ऑक्टोबरमध्ये स्कॉट जेम्स रेमनंट यांचे अपस्टार्ट आणून जुन्या रांगेला रजा देण्याची सुरुवात केली होती. अपस्टार्टचा विचार असा, की सेवांनी रांगेत नव्हे तर घटनांच्या प्रतीक्षेत उभे राहावे: कार्डाला पत्ता मिळाल्याची वर्दी आली की तिच्यावर अवलंबून असलेली सेवा सुरू व्हावी. एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पोटरिंग यांनी सिस्टमडीची कल्पना मांडली, काई सीव्हर्स त्यांचे सहकारी होते. २०११ मध्ये फेडोरा, २०१४ मध्ये रेड हॅटची सातवी आवृत्ती आणि २०१५ मध्ये डेबियन व उबुंटू असे एकामागून एक सारे तिच्याकडे वळले. डेबियनमधील वाद तर इतका कडवट झाला की तांत्रिक समितीला मत घेऊन निर्णय द्यावा लागला. तो वाद मुख्यतः सिस्टमडीच्या विस्ताराविषयी होता आणि इथे त्यात शिरण्याचे कारण नाही.

सिस्टमडीने सेवा शक्य तितक्या एकदम, समांतर उठवल्या. त्यामागे एक देखणी युक्ती होती, आणि ती नवी नव्हती. १९८६ च्या बीएसडीमध्ये आयनेटडी नावाचा प्रोग्राम होता. तो सर्व सेवांच्या वतीने दारांवर एकटा बसे आणि कोणी दार ठोठावले की मगच योग्य त्या सेवेला उठवी. लाँचडी आणि सिस्टमडी यांनी हाच विचार प्रारंभक्रमाला लावला. आधी सगळी दारे उघडून ठेवायची, सेवा मागाहून उठू द्यायच्या. मध्ये कोणी काही मागितले तर ती मागणी कर्नलच्या साठवणीत थांबून राहते. मग क्रमाचा प्रश्नच बराचसा विरघळतो. एकाच संगणकातील सेवांपुरती ही युक्ती अप्रतिम आहे. जी सेवा सर्व पत्त्यांवर मिळून ऐकते तिलाही नेटवर्क येण्याची वाट पाहावी लागत नाही. परंतु एखाद्या विशिष्ट पत्त्यालाच जो चिकटू पाहतो, किंवा सुरू होताक्षणी बाहेरच्या सर्व्हरशी बोलू पाहतो, त्याची अडचण तशीच उरते. पूर्वी सुरू व्हायला मिनिट लागे तेव्हा नेटवर्क दरम्यान येऊन जाई. आता सेवा नेटवर्कच्या पुढे धावू लागल्या. दोष तिथेच होता, तो उघडा पडला इतकेच.

याच सुमारास सर्वाधिक गोंधळ घालणारे दोन शब्द प्रचारात आले: नेटवर्क-टार्गेट आणि नेटवर्क-ऑनलाइन-टार्गेट. सेवेच्या फाइलमध्ये 'नेटवर्क-टार्गेटनंतर' असे लिहिले की नेटवर्क आल्यावरच ती सेवा सुरू होईल, असा समज हजारोंनी करून घेतला; नावावरून दुसरा कोणता समज होणार? प्रत्यक्षात नेटवर्क-टार्गेटचा अर्थ एवढाच, की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम सुरू झाला आहे. कार्डाला पत्ता मिळाला असेल वा नसेल. त्या टार्गेटचा खरा उपयोग संगणक बंद होताना आहे: सिस्टमडी थांबवताना क्रम उलटा करते, त्यामुळे सेवेला नेटवर्क असतानाच आपला निरोप घेता येतो. सुरू होताना खरोखर थांबायचे असेल तर नेटवर्क-ऑनलाइन-टार्गेट मागावे लागते, तेही दोनदा: एकदा 'हे मला हवे' म्हणून आणि एकदा 'याच्या नंतर मी' म्हणून. 'नंतर' या शब्दाने केवळ क्रम लागतो. ज्याच्या नंतर यायचे त्याला कोणी बोलावलेच नसेल तर क्रमाला अर्थ राहत नाही. सिस्टमडीच्या रचनाकारांनी हे वेळोवेळी स्पष्ट केले आहे. तरीही नाव फसवे असले की खुलासा मागे पडतो, आणि याचे थोडे श्रेय नाव ठेवणाऱ्यांनाही द्यायला हवे.

सेवा कोसळली तर पुन्हा उठवावी, ही सोय सिस्टमडीत आहेच. पण तिच्यातही एक बारीक पाचर आहे. मूळ मांडणीत दोन प्रयत्नांमधील अंतर १०० मिलिसेकंद आणि १० सेकंदांत जास्तीत जास्त ५ प्रयत्न अशी मर्यादा असते. पत्ता नाही म्हणून सेवा तत्काळ कोसळत असेल, तर तिचे पाचही प्रयत्न साधारण अर्ध्या सेकंदात संपतात. पत्ता तीन सेकंदांनी येतो. तोवर सिस्टमडीने हात टेकलेले असतात. प्रयत्नांमधील अंतर पाच-दहा सेकंद केले तर हाच उपाय उत्तम लागू पडतो.

अपयशाची रूपेही पत्त्यापुरती उरली नाहीत. आयपीव्ही६ मध्ये कार्डाला पत्ता दिल्यावर संगणक आधी शेजाऱ्यांना विचारतो की हा पत्ता तुमच्यापैकी कोणाचा आहे का. उत्तर न येण्याची वाट पाहण्यात सुमारे सेकंद जातो. त्या सेकंदात पत्ता यादीत दिसतो खरा, पण त्यावर सेवा बसू शकत नाही. नावांवरून पत्ते शोधण्याची तऱ्हा वेगळी. नावे सांगणाऱ्या सर्व्हरची नोंद एका फाइलमध्ये असते. पूर्वी नेटवर्कच्या आधी सुरू झालेला प्रोग्राम ती फाइल रिकामी असताना वाचून ठेवी आणि पुढे दिवसभर त्याच रिकाम्या माहितीवर विसंबून राही. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या जीलिबसीच्या २.२६ आवृत्तीपासून फाइल बदलल्यास ती पुन्हा वाचली जाऊ लागली. रास्पबेरी पायवर प्रयोग करणाऱ्या विद्यार्थ्यांना तर घड्याळाचाही फटका बसतो. २०२३ च्या पाचव्या पिढीपर्यंतच्या पायमध्ये वीज गेल्यावर चालू राहणारे घड्याळच नव्हते. वेळ नेटवर्कवरून येई. त्याआधी सुरू झालेली सेवा सुरक्षित जोडणी करू पाहते आणि समोरच्याचे प्रमाणपत्र अजून लागूच झालेले नाही असे ठरवून माघार घेते. इथे नेटवर्क पूर्णपणे आलेले असते. आलेली नसते ती तारीख.

मोठ्या यंत्रांतही गोष्ट तीच, फक्त किंमत वेगळी. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिल्या ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. भारतात २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन अभियानातून पुण्याच्या सी-डॅकने उभारलेली परम मालिकाही त्याच परंपरेतली. अशा यंत्रसमूहात शेकडो संगणक असतात आणि संशोधकांच्या फाइली सामायिक साठ्यातून, नेटवर्कवरून येतात. एखादा संगणक तो साठा जोडला जाण्याआधीच 'मी कामाला तयार' असे सांगून मोकळा झाला, तर गणित सुरू होते ते रिकाम्या फोल्डरवर. प्रोग्रामला फाइल सापडली नाही तर निदान तो थांबतो. वाईट प्रकार दुसरा: फोल्डर अस्तित्वात असते म्हणून प्रोग्राम त्यात निकाल लिहीत राहतो, मागाहून खरा साठा त्याच जागी जोडला जातो आणि लिहिलेले सारे त्याखाली झाकले जाते. नेटवर्कवरील फाइलप्रणालीवर तशी वेगळी खूण करण्याची जुनी पद्धत आहे, ती याच भीतीपोटी.

मग थांबावे कोणी? व्यवस्थापक म्हणतात, प्रारंभ सांभाळणाऱ्या यंत्रणेने. सिस्टमडीच्या रचनाकारांचे म्हणणे असे, की नेटवर्क ही येऊन स्थिरावणारी वस्तू नाही. ते दिवसातून कितीदाही जाते-येते, तेव्हा सेवांनीच त्याचे येणे-जाणे सोसायला शिकावे. तत्त्व म्हणून हे दुसरे मत सबळ आहे. दुपारी केबल निघून पुन्हा लागल्यावर जी सेवा तग धरते, तिला पहाटेच्या प्रारंभाची भीती उरत नाही. लिनक्समध्ये अद्याप न मिळालेल्या पत्त्यावरही बसू देणारी मुभा आहे, पत्ते बदलल्याची वर्दी कर्नलकडून घेण्याची सोय आहे. परंतु जुन्या सेवांचे लेखक कधीच दुसऱ्या कामाला लागलेले असतात आणि त्यांचे प्रोग्राम मात्र रुग्णालयांत, बँकांत, प्रयोगशाळांत चालतच असतात. त्यांना शिकवणार कोण, याचे उत्तर तत्त्वात मिळत नाही. म्हणून थांबणारी सेवा ठेवावीच लागते.

आणि थांबणाऱ्या सेवेने उलटी तक्रार जन्माला घातली. सिस्टमडीच्या नेटवर्क सांभाळणाऱ्या अंगातील प्रतीक्षा-सेवा मूळ मांडणीत १२० सेकंदांपर्यंत थांबते, आणि आपल्या ताब्यातील सर्व कार्डे सज्ज होण्याची वाट पाहते. सर्व्हरला दोन पोर्ट आहेत, एकालाच केबल लावली आहे. दुसरे पोर्ट सज्ज होणे शक्यच नाही. पडद्यावर नेटवर्कच्या प्रतीक्षेचा संदेश, पुढे सेकंदांची वाढती संख्या, आणि दोन मिनिटे सारा संगणक रिकाम्या पोर्टकडे डोळे लावून बसलेला. वैतागून लोक ही प्रतीक्षा-सेवाच बंद करू लागले. पुढच्याच वीजखंडानंतर त्यांच्या सेवा पुन्हा नेटवर्कच्या आधी उठल्या. उबुंटूने ऑक्टोबर २०१७ पासून आणलेल्या नेटप्लॅन या मांडणीत यासाठी एक छोटा शब्द आहे. कोणत्याही कार्डापुढे 'ऐच्छिक' असे लिहिता येते. मग संगणक त्या कार्डासाठी थांबत नाही. कोणते कार्ड ऐच्छिक, हे मात्र केबल लावणाऱ्या माणसालाच लिहावे लागते.